गादीखालची वायर

दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर हे तीन दिवस एका ओळीत उरकतो: समुद्र छान होता, गर्दी शनिवार-रविवारची होती आणि मोदक बरे होते. मला लिहायचंय ते एका वायरीबद्दल.

आमची गाडी म्हणजे जुनी टेंपो ट्रॅव्हलर. मागच्या सीट काढून बेड केला, ओटा केला, पाण्याची टाकी बसवली. आम्ही तिला कॅम्पर म्हणतो, सोसायटीचे वॉचमनकाका ॲम्ब्युलन्स म्हणतात. बॅटरीत मी कंजुषी केली नाही. लिथियमची घेतली, 12.8 व्होल्ट, 100 अँपिअर-अवर. पैसे तिथेच संपले आणि इन्व्हर्टर (बॅटरीच्या बारा व्होल्टचे घरच्यासारखे 230 करणारी पेटी) 'तात्पुरता' घ्यायचं ठरलं. आमच्या घरातला तात्पुरता सोफा अकरा वर्षांचा आहे, यावरून काय ते समजा.

पुण्यात तापकीर गल्लीत, विजेच्या सामानाच्या बाजारात, दोन पेट्या समोर आल्या. एक प्युअर साइन वेव्ह, 1000 वॉट, तेरा हजार. दुसरी मॉडिफाइड, डब्यावर ठसठशीत 2000 वॉट, पावणेपाच हजार. घरच्या विजेची लाट गोलसर वरखाली होते, मॉडिफाइडची लाट जिन्याच्या पायऱ्यांसारखी. हीटरला आणि बहुतेक चार्जरना त्याचं सोयरसुतक नसतं, पंख्याची मोटर मात्र कुरकुरते. मी हे दुकानदाराला ऐकवलं. तो म्हणाला, "साहेब, मोबाईलला काय कळतंय लाट गोल का चौकोनी?"

डब्यावरचा 2000 हा आकडा खरा नाही, हे मला तिथेच कळलं होतं. बाराच्या बॅटरीतून 2000 वॉट काढायचे तर 160-170 अँपिअर ओढावे लागतात. माझी बॅटरी 100 लाच हात वर करते, आणि पेटीबरोबर दिलेल्या वायरी करंगळीएवढ्या. तरी घेतली. तेरा हजारांच्या शेजारी ठेवलं की पावणेपाच फार गोड दिसतात.

घरी आणून रीतसर परीक्षा घेतली. बाल्कनीत बॅटरी, तिला चिकटून पेटी, बादलीभर पाणी आणि त्यात 1000 वॉटचा रॉड. ऑफिसातल्या मित्राकडून डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर आणला होता, तो 84 अँपिअर दाखवत होता. दहाएक लिटर पाणी वीस मिनिटांत आंघोळीइतकं गरम झालं. मग 1500 चा रॉड लावला. पेटी किंचाळली, लाल दिवा लागला आणि सगळं बंद. म्हणजे 2000 ची पेटी 1000 ची निघाली. असो, आपण 1000 चेच पैसे दिलेत, अशी मी स्वतःची समजूत घातली. बायको म्हणाली, "पाणी तापलंच आहे तर आंघोळ करून घे."

इथवर मी हुशार होतो.

पेटी बाल्कनीतून गाडीत गेली तेव्हा बॅटरी राहिली पुढे, ड्रायव्हरच्या सीटमागे, आणि पेटी गेली मागे ओट्याखाली, कारण मिक्सरचं सॉकेट तिथेच हवं होतं. मधे तीन मीटर. पेटीच्या वायरी हातभर. घरात गीझरच्या पॉइंटमधून उरलेली 4 स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर पडून होती. दोन हजारांचा गीझर वर्षानुवर्षं तिच्यावर चालतोय, इथे हजारच्या रॉडला काय धाड भरलीय, असा विचार करून मी ती बेडच्या फळीवरून, गादीखालून मागे नेली. गीझर 230 व्होल्टवर जेमतेम नऊ अँपिअर घेतो आणि हा रॉड बाराच्या बॅटरीतून 84 ओढतो, हे मला माहीत होतं. दहावीच्या मुलालाही माहीत असतं. त्या दिवशी आठवलं नाही एवढंच.

पहिल्याच रात्री टेबल फॅन भुंग्यासारखा घुंइं करायला लागला. पायऱ्यांच्या लाटेचा प्रताप. वर पेटीचा स्वतःचा छोटा पंखा, जो काही चालू असो-नसो फिरतच असतो. सकाळी रॉड लावला तर पेटी मधूनमधून कुंई करायची. ही पेटी साडेदहा व्होल्टला कुंई करते आणि दहाला मान टाकते, हे कागदावर लिहिलेलं होतं. पण बॅटरी भरलेली दिसत होती आणि पाणी तापत होतं, तेव्हा मी त्या कुंईला पेटीचा स्वभाव समजलो. सलग दोन सकाळी.

बागमांडल्याहून जंगलजेटीने, म्हणजे गाड्या खाडीपार नेणाऱ्या बोटीने, गाडी वेसवीला उतरवली आणि केळशी मागे टाकून आंजर्ल्याला आलो. एका काकूंच्या वाडीत गाडी लावली. मार्चचा पहिला आठवडा, ओले काजू आलेले. एक बाई वाटे घेऊन बसली होती, चिकाने तिची बोटं काळी पडलेली. दोन वाटे घेतले. उसळीसाठी खोबरं, धणे, मिरच्या भाजून मिक्सरच्या भांड्यात भरलं, बटण फिरवलं. मिक्सरने एकदा 'घर्र' केलं, पेटी किंचाळली, अंधार. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तर घर्रही नाही. मी तापकीर गल्लीच्या त्या दुकानदाराच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. काकू पडवीतून बघत होत्या. म्हणाल्या, "आणा ते इकडे, पाट्यावर दोन मिनिटांत होईल." दोन नाही, बारा मिनिटं लागली, पण असं वाटण आम्ही कित्येक वर्षांत खाल्लं नव्हतं. काकूंनी जागेचे पाचशे घेतले, वाटणाचं नाव काढू दिलं नाही. उसळीची वाटी मात्र ठेवून घेतली आणि मीठ कमी आहे असं स्पष्ट सांगितलं.

दुसऱ्या दिवशी हर्णै. संध्याकाळचा माशांचा लिलाव बघायला म्हणून गेलो, समोर पाण्यात सुवर्णदुर्ग, पायाखाली चिखल आणि बर्फाचा चुरा. मला लिलावात अर्ध्या तासावर रस राहिला नाही, गोंगाट आणि धक्काबुक्की फार. बोटींच्या बॅटऱ्या-डायनामोचं काम करणाऱ्या एका पोराची टपरी दिसली. वय पंचविशीचं असेल. त्याला गाडीपाशी आणलं आणि पेटी कशी भिकार आहे ते सांगायला लागलो.

त्याने पेटीकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाला, "काका, लोड लावा." (मी चव्वेचाळीसचा आहे. काका!) बादलीत रॉड सोडला, बटण दाबलं, कुंई सुरू झाली. त्याने गादीची कड वर केली आणि तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा हात वायरीवर ठेवला. लगेच काढला.

"मीटर आहे?"

होता. बॅटरीवर 12.9 व्होल्ट. पेटीच्या बोल्टांवर 10.4.

"अडीच व्होल्ट कुठे गेले?" त्याने विचारलं, मास्तर विचारतात तसं, उत्तर माहीत असताना. अडीच व्होल्ट गुणिले ऐंशी अँपिअर, दोनशे वॉट. शंभराचे दोन बल्ब, माझ्या गादीखाली. जिथे मी हात ठेवला तिथे वायरीचं लाल प्लास्टिक मऊ लागत होतं. बरोबर त्याच्या वर लेकीची उशी होती आणि उशीवर तिचं कापडी माकड. दोन्ही सकाळी मी रॉड लावला तेव्हा ती झोपलेली होती.

त्याने विचारलं, "फ्यूज कुठाय?" फ्यूज नव्हता. तो काही बोलला नाही, त्याचंच जास्त लागलं. बायकोने लेकीला उचलून खाली घेतलं आणि बर्फाच्या ट्रककडे चालायला लागली. तिच्या पाठीवरूनच मला सगळं कळलं.

मग त्याने काम केलं ते पाहण्यासारखं होतं. पेटी ओट्याखालून काढून बॅटरीच्या शेजारी आणली. "बाराची वायर हातभर ठेवायची, काका. लांब न्यायची तर 230 ची न्या, तिला काही होत नाही." माझं डोकं तीन मीटर मागे अडकलं होतं, त्याने पेटीच पुढे सरकवली! मिक्सरपर्यंत साधी तीन कोअरची केबल गेली. बॅटरी ते पेटी वेल्डिंगची 35 स्क्वेअर एमएमची केबल, अंगठ्याएवढी जाड पण दोरासारखी वळणारी. टोकांना तांब्याची थिंबलं (बोल्टमधे अडकवायच्या टोप्या), ती लांब दांड्यांच्या पकडीने दाबली, मग दोन्ही हातांनी ओढून पाहिली. बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरावर बोल्टने कसायचा 100 चा फ्यूज. जुनी वायर मी मागितली नव्हती, तरी गुंडाळून माझ्या हातात दिली. "घरी लावा, गीझरला चांगली आहे."

पुन्हा रॉड. बॅटरीवर 12.9, पेटीवर 12.8. कुंई नाही. त्याने हात ठेवून पाहिला, मलाही ठेवायला लावला. गार.

मी मिक्सर काढला, रिकाम्या भांड्याने समाधान होईना म्हणून कोपऱ्यावरून नारळ आणून फोडला. फिरला. पेटीने हूं का चूं केलं नाही. फॅन अजूनही घुंइं करतो, तो करणारच, त्यासाठी आता थेट बारा व्होल्टवर चालणारा पंखा बघतोय.

केबल, फ्यूज, थिंबलं आणि मजुरी मिळून साडेसोळाशे झाले. पैसे मोजताना दुकानदाराला दिलेल्या शिव्या मी मनातल्या मनात परत घेत होतो. पोरगा पेटी उलटी करून खालची चिठ्ठी वाचत होता.

"केवढ्याला घेतली?"

"पावणेपाच."

"हीच मी बोटवाल्यांना तीन हजारांत देतो. सेम पेटी." त्याने ती सरळ करून जागेवर ठेवली. "फक्त डब्यावर 1000 लिहिलेलं असतं."

बायको तोवर सुरमई घेऊन परत आली होती आणि तिने ते ऐकलं.