बाटलीच्या गळ्यातली चिठ्ठी

काल संध्याकाळी न्यू जर्सीतील आमच्या गावातल्या वाइनच्या दुकानात क्रोएशियाच्या वाइन चाखण्याचा कार्यक्रम होता आणि त्या आयात करणाऱ्या बाई स्वतः आल्या होत्या. प्रत्येक बाटलीच्या गळ्यात त्यांनी आपल्या हस्ताक्षरात उच्चार लिहिलेली चिठ्ठी बांधली होती, कारण नाव उच्चारता आले नाही की गिऱ्हाईक न मागताच निघून जाते, असा त्यांचा अनुभव आहे.

कोर्चुला बेटावरची पांढरी पोशिप वाइन मला आवडली; पण मन गुंतले ते पेल्येशात्स द्वीपकल्पावर, समुद्राकडे उतरणाऱ्या खड्या उतारांवर पिकणाऱ्या प्लावाट्स माली या द्राक्षाच्या तांबड्या वाइनमध्ये. कॅलिफोर्नियाचे म्हणून ओळखले जाणारे झिनफंडेल द्राक्ष मूळचे क्रोएशियातील डाल्मेशियाच्या किनाऱ्यावरचे आहे, हे २००१ मध्ये डीएनए चाचणीतून सिद्ध झाले, आणि प्लावाट्स माली हे त्याचेच अपत्य. अमेरिकन माणूस जे आपले म्हणून पितो, त्याचे आजोळ या बाई त्याला दाखवत आहेत, याचे मला फार अप्रूप वाटले.

अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत आयातदाराला थेट गिऱ्हाइकाला विकता येत नाही. आधी वितरकाला पटवायचे, मग दुकानदाराला. मी डिंगाचची, म्हणजे पेल्येशात्सच्या त्याच उतारांवरच्या प्लावाट्स मालीची, एक बाटली घेतली, तेव्हा गळ्यातली चिठ्ठी सोडून त्यांनी ती आठवणीने माझ्या हातात दिली.