तुम्ही विचारलंत म्हणून: थेटरात जाऊ का ओटीटीवर येईपर्यंत थांबू?

मी पिक्चर जरा जास्तच बघते हे ओळखीत सगळ्यांना माहितीये, त्यामुळे लिफ्टमध्ये, ऑफिसात डबा खाताना, भिशीत, आणि मध्यंतरी तर डेंटिस्टकडे तोंड उघडं असताना तिथल्या असिस्टंट मुलीने विचारलं, मॅडम तो अमुक पिक्चर थेटरात जाऊन बघावा का ओटीटीवर आला की बघू? पिक्चर कसा आहे हे कोणी विचारत नाही. प्रश्न एवढाच, की तिकीट, पार्किंग आणि पॉपकॉर्न धरून पैसे वसूल होतायत का. पुण्यात राहून मी या प्रश्नाला नाकं मुरडू शकत नाही, कारण हाच हिशोब मीही करते.

यावर सगळ्यांकडे एक तयार उत्तर असतं. लढाया, घोडे, स्फोट, व्हीएफएक्स असलं काही असेल तर थेटर, आणि दोन माणसं खोलीत बसून बोलतायत असला छोटा पिक्चर असेल तर घरी. माझं म्हणणं बरोबर उलटं आहे. दणदणीत पिक्चर घरी टिकतो हो, त्याला काही होत नाही. शांत पिक्चर घरी मरतो.

म्हणजे बघा, ‘थ्री ऑफ अस’ मी घरी बघितला. अविनाश अरुणचा, तोच ‘किल्ला’वाला, आपल्या पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचा. शेफाली शाहला विस्मरणाचा आजार सुरू झालाय आणि सगळं पुसलं जायच्या आत तिला लहानपणीचं वेंगुर्ला एकदा बघून यायचंय, बरोबर नवरा स्वानंद किरकिरे, आणि तिकडे शाळेतला मित्र जयदीप अहलावत. आता या पिक्चरमध्ये घडतं काय, तर ही माणसं एकमेकांकडे बघतात, थोडं बोलतात, बरंचसं बोलत नाहीत. आणि ते जे बोलत नाहीत तिथेच सगळा पिक्चर आहे. आमच्या हॉलमध्ये त्या न बोलण्याच्या जागी काय काय आलं सांगू? कुरियरवाला आला, कुकर झाला, सासूबाईंनी विचारलं ही कोण त्याची, नवऱ्याने विचारलं हा पाताललोकवाला ना, आणि मग हो म्हणता म्हणता आकाशपाळण्यातला सीन निघून गेला. परत मागे घेऊन बघितला, पण मागे घेऊन बघितलेल्या सीनला काय अर्थ आहे, तोपर्यंत जमून आलेलं सगळं विस्कटलेलं असतं. नवरा म्हणाला चांगला आहे पण स्लो आहे. स्लो नव्हता तो, आपलं घर फास्ट आहे.

याउलट ‘साबर बोंडं’ आम्ही कोथरूडला थेटरात बघितला, लागला त्याच आठवड्यात, सप्टेंबर २०२५. रोहन कानवडेचा पिक्चर, त्याच वर्षी अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात वर्ल्ड सिनेमाचं ग्रँड ज्युरी प्राइज घेऊन आलेला. वडील गेलेत म्हणून मुंबईत राहणारा आनंद आईबरोबर दहा दिवस गावी येतो, सुतक, हे खायचं नाही ते घालायचं नाही, येणारेजाणारे नातेवाईक, लग्न कधी करतोस, आणि या सगळ्यात लहानपणचा मित्र बाळ्या. दोघांचं प्रेम जुळतं, पण त्याचा कुठे गाजावाजा नाही, घोषणा नाही, पार्श्वसंगीत वाजवून ‘आता रडा’ असं कोणी सांगत नाही. कॅमेरा बराच वेळ एका जागी बसून राहतो आणि आपल्यालाही बसवतो. पहिली दहा मिनिटं माझा हात सारखा पर्सकडे जात होता, मोबाईलची सवय, दुसरं काय. मग सुटली. अंधारात उठून जाता येत नाही, पॉज करता येत नाही, शेजारी अनोळखी माणूस बसलाय, म्हणून गप बसावं लागतं, आणि एकदा गप बसलं की बारीकसारीक गोष्टी दिसायला लागतात: आईला मुलाबद्दल सगळं माहितीये आणि ती ते कसं सांभाळतेय, किंवा एखादी आत्या प्रश्न विचारते तेव्हा हा आधी कोणाकडे बघतो. हेच घरी असतं तर नवऱ्याने वीस मिनिटांत ‘उद्या बघू’ म्हटलं असतं आणि तो उद्या कधी उगवला नसता.

घरातल्या आवाजाचं म्हणाल तर आमचं घर नदीपासून फार लांब नाही, जुलै-ऑगस्टात संध्याकाळी गणपतीच्या ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू असतो, तेव्हा कुजबुजीवर चालणारा पिक्चर लावायचा म्हणजे चेष्टाच. तेव्हा आम्ही सरळ मारामारीचे पिक्चर लावतो. ढोल बाहेरचा का आतला, फरक पडत नाही.

आणि म्हणूनच म्हणते की मोठे पिक्चर घरी चालतात. एक तर ते तीन-तीन तासांचे, त्यात हीरोची एन्ट्रीच स्लो मोशनमध्ये इतकी लांबते की तेवढ्यात गवार मोडून होते. आईला हे पिक्चर बरे वाटतात, मधली दहा मिनिटं चुकली तरी व्हिलन कोण ते कळतंच. पडदा लहान झाला की स्फोट लहान होतो, एवढंच नुकसान. याला सणसणीत अपवाद एकच सांगते, ‘तुंबाड’. तो आधी ऑक्टोबर २०१८ मध्ये आला तेव्हा थेटरात फार काही चालला नाही, मग लोकांनी घरी बघितला, एकमेकांना सांगितला, आणि १३ सप्टेंबर २०२४ ला परत थेटरात लावला तर पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमावून गेला. घरी बघून झालेला पिक्चर लोक तिकीट काढून परत बघायला गेले हो! मीही गेले. तो पाऊस टीव्हीवर नुसता दिसतो, थेटरात आपण ओले होतो. शिवाय राही बर्वेने अंधार अंधारासारखा ठेवलाय, आणि आमच्या टीव्हीत दुपारी तीन वाजता अंधारात काय दिसतं तर खिडकीचे गज आणि आमचीच तोंडं.

‘द डिसायपल’बद्दल मात्र माझं मन अजून ठरत नाही. चैतन्य ताम्हाणेचा, २०२० मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात पटकथेचं बक्षीस मिळालेला, आणि आपल्याकडे आला २०२१ च्या एप्रिलअखेर थेट नेटफ्लिक्सवर, तेव्हा करोनाची दुसरी लाट, थेटराचा प्रश्नच नव्हता. शास्त्रीय गाणं शिकणारा मुलगा, मेहनत आहे, निष्ठा आहे, आणि ते ‘काहीतरी’ नाहीये, आणि हे त्यालाही हळूहळू कळतंय. तो रात्री रिकाम्या रस्त्यावर बाइकवर चाललाय, कानात माईंचं, म्हणजे त्याच्या गुरूंच्या गुरूंचं, रेकॉर्ड केलेलं बोलणं, मागे तानपुरा. माईंचा आवाज दिग्दर्शिका सुमित्रा भावेंचा. पिक्चर नेटफ्लिक्सवर यायच्या काहीच दिवस आधी सुमित्राताई पुण्यात वारल्या होत्या, त्यामुळे मला तर ते बोलणं दोन्ही बाजूंनी लागत होतं. मी हेडफोन घालून एकटीने बघितला, दिवे घालवून, आणि तानपुरा असा काही डोक्यात भरला की कदाचित थेटरातही तसा भरला नसता. म्हणजे घरी बघायचाच असेल तर असा, एकटं आणि कान झाकून. पण मग हा पिक्चर कोणाबरोबर बघितलाच नाही याची चुटपुट आहे. पुढे ओळखीतल्या काही सवाई गंधर्व महोत्सवाच्या जुन्या वारकऱ्यांना सांगितलं बघा म्हणून, तर ही विलंबित ख्याल तासभर डोळे मिटून ऐकणारी माणसं मला फोन करून म्हणाली, अगं फार संथ आहे! काय बोलणार.

आता दुसरा प्रकार, गर्दीचे पिक्चर. ‘बाईपण भारी देवा’ २०२३ मध्ये आला तेव्हा बायका ग्रुपने, नऊवाऱ्या नेसून, नथी घालून थेटरात जात होत्या, आमच्या भिशीनेही तेच केलं. पिक्चर म्हणून विचाराल तर मला तो ठीक वाटला, सहा बहिणी, मंगळागौरीची स्पर्धा, काही ठिकाणी अगदी सीरियलसारखा. पण मागच्या रांगेतली कोणी काकू ‘आमच्याकडे पण हेच गं’ असं मोठ्याने म्हणते आणि सगळं थेटर हसतं, ते टीव्हीवर कुठून आणणार. पुढे टीव्हीवर लागला तेव्हा आम्ही तो धड पूर्णही बघितला नाही. ‘दशावतार’चंही थोडं तसंच. दिलीप प्रभावळकर ऐंशी ओलांडलेले, आणि काय उभे राहिलेत त्या बाबुली मेस्त्रीत! मध्यंतरापर्यंत मी खुर्चीच्या कडेवर होते, नंतर पिक्चर जे सांगायचं ते जरा ओरडून सांगतो असं मला वाटलं, पण आजूबाजूला टाळ्या पडत होत्या आणि माझी तक्रार त्या टाळ्यांत बुडून गेली. घरी असते तर ती तक्रारच मोठी झाली असती.

आणि घरीच बघा असं मी कशाला सांगितलं? ‘लापता लेडीज’ला. तो चारचौघांत जेवता जेवता बघायचा पिक्चर आहे. छोटे छोटे प्रसंग, चुरचुरीत बोलणं, रवी किशनचा तो पान खाणारा इन्स्पेक्टर, छाया कदमची मंजूमाई, थांबवून कोणीतरी पोळी घेतली तरी धागा सुटत नाही. गंमत म्हणजे त्याच वर्षी छाया कदम पायल कपाडियाच्या ‘ऑल वुई इमॅजिन अ‍ॅज लाइट’मध्येही होत्या, फ्रान्समधल्या कान महोत्सवात ग्राँ प्री मिळालेला तो, आणि तो मात्र मी हट्टाने थेटरात बघितला. मुंबईचा पाऊस, लोकल, नर्सेसची खोली, आणि मग एकदम रत्नागिरीकडचा समुद्र. समुद्र आल्यावर शेजारच्या अनोळखी बाईंनी मोठ्याने श्वास सोडला. तो मला अजून आठवतोय.

यात एक व्यवहाराची गोष्ट आहे जी लोक धरत नाहीत. मोठ्या हिंदी पिक्चरचं साधारण ठरलेलं असतं, आठेक आठवड्यांनी ओटीटीवर. ‘लापता लेडीज’ १ मार्च २०२४ ला लागला, २६ एप्रिलला नेटफ्लिक्सवर. ‘थ्री ऑफ अस’ ३ नोव्हेंबर २०२३, आणि २९ डिसेंबरला घरात. छोट्या मराठी पिक्चरचं असं काही नसतं, कोणी विकत घेतला तर येतो, नाहीतर महिनोन्‌महिने पत्ता नाही. आणि थेटरातलंही बघा, त्याला शो मिळतात ते असे की नोकरी करणाऱ्याने जायचं कधी, सकाळी साडेदहा नाहीतर दुपारी पावणेचार. सोमवार-मंगळवार खुर्च्या रिकाम्या दिसल्या की पुढच्या शुक्रवारी चारचा एक शो होतो, तोही गावाच्या दुसऱ्या टोकाला. मग आपण म्हणतो, अरे कधी आला कधी गेला कळलंच नाही! मोठा पिक्चर कुठे पळत नाही, तिसऱ्या आठवड्यातही आरामात मिळतो. थांबायचंच असेल तर त्याच्यासाठी थांबा ना.

थेटरं आदर्श आहेत असं नाही हां. एका मॉलमधल्या मल्टिप्लेक्समध्ये एसी एवढा होता की सगळे आवळून बसले होते, पुढच्या रांगेतल्या मुलाने अर्धा पिक्चर रील्स बघितल्या, आणि चौघांच्या पॉपकॉर्नमध्ये आमच्या घरचं महिन्याचं दूध आलं असतं. एक पडद्याची थेटरं गेली त्याचं मला तिथे फार वाटतं. प्रभात २०१४ च्या शेवटी त्या नावाने बंद झालं, आता किबे लक्ष्मी आहे, आई अजूनही प्रभातच म्हणते आणि रिक्षावाल्यालाही कळतं. मला स्वतःला विचाराल तर मी वीकडेला संध्याकाळचा पहिला शो बघते, मधली रांग, खाणं बाहेर. आणि शांत पिक्चर शांतपणे बघायची सवय लावायची असेल तर लॉ कॉलेज रोडवरच्या फिल्म अर्काइव्हमध्ये काही दाखवत असतील तेव्हा जाऊन बसा, तिथे कोणी मोबाईल काढला तर मागचा माणूस खाकरतो.

आमच्या मुलीला हे सगळं अजिबात पटत नाही. तिने ‘लापता लेडीज’ मोबाईलवर, कॉलेजला जाताना पीएमटीत तुकड्यातुकड्याने, दीडपट स्पीडने बघितला आणि तिला त्यातले डायलॉग माझ्यापेक्षा जास्त पाठ आहेत. मी म्हटलं अगं, दीडपट स्पीडने मंजूमाई उंदरासारखी बोलत असेल, तर म्हणे आई सवय होते. ‘थ्री ऑफ अस’ बघणार आहेस का विचारलं तर म्हणाली, बघते, पण नॉर्मल स्पीडने नाही हं. सध्या सव्वापटीवर तडजोड झालीये.