वरुड ते टोकियो: उन्हाला, शेताला आणि शाळेला पुरेल अशी खरेदी

जपानहून आलो म्हटल्यावर गावात लोकांच्या डोळ्यांसमोर घड्याळ, कॅमेरा, गेला बाजार एखादा परफ्यूम येतो. आमच्या बॅगा उघडल्या तेव्हा निघालं ते उन्हाचं क्रीम, भेगांचा पिवळा मलम, मुलांची चित्रांची पुस्तकं, सुती फडकी आणि संत्री तोडायच्या कातऱ्या. जाऊबाईंचं तोंड जरा उतरलंच. पण निघतानाच आम्ही ठरवलं होतं, की अमरावती जिल्ह्यातल्या आमच्या वरुडच्या उन्हात आणि कामाच्या हातात जे टिकणार नाही ते तिथं कितीही गोजिरं दिसलं तरी उचलायचं नाही.

लक्ष्मीपूजन झालं, आंबिया बहाराची, म्हणजे दिवाळीच्या सुमारास तोडणीला येणाऱ्या संत्र्याची, बाग व्यापाऱ्याला देऊन झाली होती, शाळेला सुट्टी होती, म्हणून निघालो. माझी भाची टोकियोत निशी-कासाईला राहते. तिथं भारतीय कुटुंबं बरीच, किराण्याच्या दुकानात तूरडाळ आणि हिंग दोन्ही मिळतं, त्यामुळं घरून पोतं बांधून न्यायची गरज नाही. आपली संत्री मात्र चुकूनही नेऊ नका. फळमाशीच्या भीतीनं भारतातली ताजी संत्री जपानमध्ये येऊ देत नाहीत.

आता खरेदी. सगळ्यात आधी उन्हाचं क्रीम, कारण एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडं पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि आपल्या बाया नवऱ्याचा जुना फुलशर्ट साडीवर चढवून, तोंडाला रुमाल गुंडाळून कामाला जातात. टोकियोत ही क्रीमं औषधांच्या दुकानात मिळतात. मात्सुमोतो कियोशी, वेल्सिया, सनड्रग ही नावं पाठ करा. बिओरे आणि स्किन अ‍ॅक्वा हजार येनच्या आत मिळाली, शिसेइडोची अनेसा तीन हजारांच्या घरात. आम्ही गेलो तेव्हा शंभर येन म्हणजे साठ रुपयांच्या आतबाहेर. एकच डबी एका दुकानात आणि दोन गल्ल्या सोडून दुसऱ्या दुकानात वेगळ्या भावानं असते. पर्यटकांच्या शिंजुकू-आसाकुसापेक्षा भाचीच्या घराजवळच्या दुकानात बहुतेक वस्तू स्वस्त पडल्या.

डबीवर तीन गोष्टी बघायच्या. एसपीएफ म्हणजे कातडी भाजणाऱ्या किरणांपासून किती बचाव होतो त्याचा आकडा, आणि ५०+ हा तिथं छापता येणारा सर्वांत वरचा. त्याच्या शेजारी पीए, म्हणजे कातडी काळवंडवणाऱ्या किरणांपासूनचा बचाव, आणि त्यापुढं अधिकची (+) चिन्हं असतात. चार चिन्हं म्हणजे सर्वांत जास्त संरक्षण, ही चौथी पायरी २०१३ पासून आली. तिसरी गोष्ट शेतात काम करणाऱ्यांसाठी सगळ्यात मोलाची: यूव्ही या अक्षरांपुढं छापलेले तारे. ते पाण्यात किती टिकतं याची खूण आहेत, आणि दोन तारे असलेलंच घ्यावं. घाम ज्याचा त्याला माहीत. पाण्यासारखं पातळ क्रीम लावायला छान वाटतं, पांढरं दिसत नाही, पण बागेत घाम सुटला की दोन तासांनी पुन्हा लावावंच लागतं. ऑफिसात बसणाऱ्याला ठीक आहे. शेतात मला घट्ट दुधासारखं, वापरण्याआधी बाटली हलवावी लागते तेच पटलं. त्यातल्या काहींमध्ये अल्कोहोल असतं, ते डोळ्यांत झोंबतं. निंदायला येणाऱ्या एकीनं पहिलाच प्रश्न तो केला, "बाई, डोयात तं नाही ना जात हे?" कपाळाला कमी, गालाला आणि मानेला जास्त, असा तोडगा निघाला.

गोरं करणारं क्रीम मागणाऱ्या दोन जणी होत्या. त्यांच्यासाठी मी काही आणलं नाही आणि तसं तोंडावर सांगितलंही. जपानमध्ये त्या प्रकारच्या बाटल्यांची रांगच असते, पण त्यांचं काम नवे डाग पडू न देण्याचं. २०१३ मध्ये ऱ्होडोडेनॉल हा घटक घातलेल्या उत्पादनांनी कित्येक बायकांच्या अंगावर पांढरे चट्टे उमटले आणि तो माल बाजारातून परत घ्यावा लागला. आपल्या सावळ्या कातडीवर असा प्रयोग कशाला?

भेगांचा मलम ही मात्र माझ्या मते सबंध प्रवासाची कमाई. युस्किन असं नाव, १९५७ पासून मिळतो. रंग हळदीसारखा पिवळा, पण तो ब जीवनसत्त्वाचा. वास कापराचा. कापूस वेचताना बोंडांच्या टोकांनी बोटं सोलतात, त्यात डिसेंबरची थंडी आली की टाचा आणि अंगठे फाटतात, हे ज्यानं पाहिलंय त्याला मी जास्त सांगायला नको. मोठी बरणी घ्या, नळी पुरत नाही. रात्री गरम पाण्यानं पाय धुऊन लावायचा आणि जुने मोजे चढवायचे. फाटलेल्या चिरेत थोडी आग होते, ती सांगून ठेवा, नाहीतर बरणी खिडकीत पडून राहते. केसांसाठी ओशिमा त्सुबाकी नावाचं कॅमेलियाच्या बियांचं तेल आणलं. ते चार थेंबांचं तेल आहे. आपल्यासारखं टाळूवर ओतून मालिश करणाऱ्यांना ते महाग पडेल.

एक गोष्ट लक्षात ठेवा. बंद डबी तीन वर्षांहून जास्त टिकणारी असेल तर जपानी कायद्यानुसार तिच्यावर मुदतीची तारीख छापावी लागत नाही. म्हणून तारीख दिसली नाही की घाबरू नका, पण घरी आल्यावर उघडलेल्या दिवसाची तारीख पेननं स्वतः टाका. पत्र्याच्या खोलीत आणि गाडीच्या डिकीत ठेवू नका. आमच्या घरी हे सगळं माठाजवळच्या गार कोपऱ्यात असतं.

कराचं सांगते. आम्ही गेलो तेव्हा एका दुकानात एकाच दिवशी कर सोडून पाच हजार येनची खरेदी झाली की पासपोर्ट दाखवून दहा टक्के कर जागेवरच सुटायचा आणि क्रीम-तेलाची पिशवी सीलबंद मिळायची, ती देश सोडेपर्यंत फोडायची नाही. १ नोव्हेंबर २०२६ पासून पद्धत बदलते आहे: आधी कर भरायचा, आणि विमानतळावर तपासणी झाल्यावर तो परत मिळतो. म्हणजे त्यानंतर जाणाऱ्यांनी पावत्या आणि वस्तू हाताशी ठेवाव्यात आणि विमानतळावर जरा लवकर पोहोचावं. शंभर मिलिलिटरच्या वरची बाटली हातातल्या बॅगेत चालत नाही, हे तर जपानहून परदेशी निघणाऱ्या कोणत्याही विमानाला लागू.

पुस्तकांसाठी जिंबोचो. निशी-कासाईहून मेट्रोच्या तोझाई लाइननं थेट कुदानशिता स्टेशन, तिथून चालत दहा मिनिटं. यासुकुनी नावाच्या मोठ्या रस्त्यावर जुन्या पुस्तकांची दुकानं एका ओळीत लागतात आणि त्यातली बहुतेक दक्षिणेच्या बाजूला, उत्तरेकडं तोंड करून, कारण पुस्तकांवर थेट ऊन पडू नये. हे कळलं तेव्हा मी रस्त्यातच थांबले. आमच्या शाळेतलं कपाट पश्चिमेच्या खिडकीसमोर आहे आणि त्यातल्या पुस्तकांचे कणे पांढरे पडलेत. आल्याबरोबर ते हलवून घेतलं. त्याला पैसा लागला नाही, फक्त शिपाईदादांची थोडी कुरकुर ऐकावी लागली.

ऑक्टोबरच्या अखेरीस गेलात तर तिथं जुन्या पुस्तकांचा मेळा भरतो, १९६० पासून भरतो आहे. फुटपाथवर मांडण्या लागतात. गर्दी असते, पण ढकलाढकली नाही. मेळा नसला तरी दुकानाबाहेरच्या पेट्यांत शंभर-दोनशे येनची पुस्तकं असतात, ती उचलून आत जाऊन पैसे द्यायचे. रविवारी बरीच दुकानं बंद असतात, आणि लहान दुकानांत रोकडच लागते. किताझावा हे १९०२ सालचं दुकान इंग्रजी जुन्या ग्रंथांचं. त्याच इमारतीत खाली मुलांच्या चित्रपुस्तकांचं दुकान आहे, आणि माझा जास्त वेळ तिथंच गेला. १८८२ पासूनच्या ओया शोबोमध्ये जुने नकाशे आणि लाकडी ठशांची चित्रं असतात. तिथं मी फक्त पाहिलं. भाव विचारायची छाती झाली नाही.

भाषा येत नाही तर पुस्तकं कशाला, असं आमच्या ह्यांनी विचारलंच. उत्तर सोपं आहे: शब्द नसलेली घ्या, किंवा चित्रंच बोलतात अशी. किड्यांची, बेडकांची, रेल्वेगाड्यांची पुस्तकं. चौथीतल्या पोरांना त्यातला चतुर किडा ओळखायला जपानी लागली नाही. उभ्या ओळींची पुस्तकं उजवीकडून उघडतात, याचंच त्यांना जास्त नवल. नवीन पुस्तकाला तिथं सवलत नसते, छापील किंमत सगळीकडं सारखी. म्हणून बजेट कमी असेल तर बुक-ऑफ या जुन्या पुस्तकांच्या साखळी दुकानात मुलांचा कप्पा गाठा. नव्या पुस्तकांच्या दुकानात पैसे घेताना कागदाचं कव्हर घालू का असं विचारतात आणि डोळ्यांदेखत घालून देतात. हो म्हणा, फुकट असतं. पुस्तकं जड होतात, ती बॅगेच्या तळाशी सपाट ठेवून वर कपडे दाबायचे.

जिंबोचोची करीही प्रसिद्ध आहे. झणझणीत सावजीवर वाढलेल्या माणसाला ती गोडसर लागणार. शाकाहारी लोकांनी विचारूनच खावी, रश्शात बऱ्याचदा गोमांस किंवा डुकराची चरबी असते.

तेनुगुई म्हणजे साधारण पस्तीस बाय नव्वद सेंटिमीटरचं पातळ सुती फडकं, काठ न शिवलेलं, म्हणून लवकर वाळतं. हजार ते दीड हजार येन. रंग आरपार जातो, दोन्ही बाजू सारख्या दिसतात. पहिल्या दोन-तीन धुण्यांत वेगळं धुवा, रंग सुटतो. मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, ते खांद्यावर टाकून पाहिलं आणि आखूड आहे म्हणून परत दिलं, आता ते माझ्या मानेभोवती असतं. कापसावरून जपानशी आपलं नातं तसं जुनं: १८९३ मध्ये टाटांनी जपानी जहाज कंपनीबरोबर मुंबई-कोबे मार्ग सुरू केला तो कापूस नेण्यासाठी, आणि अमरावतीच्या नावानं ‘ऊमरा’ म्हणून विकला जाणारा आखूड धाग्याचा वऱ्हाडी कापूस जपानच्या गिरण्या विकत घेत. दुकानातल्या बाईंना भाचीनं हे जपानीत सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि बिल पुढं केलं.

निघताना मामाजींनी बजावलं होतं, "चार पाकिटं बियाण्याची आनजो बाप्पा, तिकडचा मुया (मुळा) मोठा असते म्हनतात." शंभर येनच्या दुकानात बियांची पाकिटं खरंच मिळतात. घेऊ नका. २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार परवाना आणि रोगमुक्तीच्या दाखल्याशिवाय बियाणं भारतात आणता येत नाही. कागदाचं भय सोडा, एखादा नवा रोग आपल्याच बागेत आला तर?

त्याऐवजी कातऱ्या आणल्या. त्यासाठी होम सेंटर गाठायचं. आपलं कृषी केंद्र आणि हार्डवेअरचं दुकान एकत्र केल्यासारखी ती जागा असते. जपानी संत्र्याची, म्हणजे मिकानची, तोडणी त्याच दिवसांत सुरू असल्यामुळं तोडणीच्या कातऱ्या समोरच मांडल्या होत्या. तिथले शेतकरी दोनदा कापतात: आधी देठ जरा लांब ठेवून फळ झाडावरून उतरवायचं, मग उरलेला देठ फळालगत छाटायचा, म्हणजे क्रेटमध्ये तो शेजारच्या फळाला टोचत नाही. आपल्याकडं पिरगाळून ओढतात, साल फाटते आणि ते फळ लवकर सडतं.

आमच्या तोडणीवाल्यांनी कातरी हातात घेऊन पाहिली आणि हसले. मजुरी क्रेटवर असेल तर दुसरा काप कोण मारील? त्यांचं चूक नाही. म्हणून मृगाच्या, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला फुलणाऱ्या, बहारात विहिरीकडची झाडं घरच्यांनीच तोडली, दूरच्या नातेवाइकांना पाठवायचा माल तेवढा. पुढच्या वर्षी त्या मालाला जास्तीची मजुरी धरून बघू, असं ह्यांचं म्हणणं आहे.

घेणाऱ्यांसाठी: सरळ आणि वाकडं अशी दोन्ही पाती मिळतात, फळालगत कापायला वाकडंच घ्या. टोकं बोथट गोल असलेली बघा, नाहीतर कातरीच सालीत घुसते. कुणी डावखुरं असेल तर त्यांची वेगळी मागा. आणि बॅगेत टाकताना चेक-इनमध्येच, टोकांना पुठ्ठा बांधून.