बाहेरून लावलेली कडी

दिवे घाट झाला, जेजुरीत भंडाऱ्याने पिवळी झाले, नीरेवर माउलींच्या पादुकांचं स्नान टाचा उंचावून पाहिलं. चांदोबाच्या लिंबापाशी रिंगणात अश्व धावले ते मला फक्त उडालेल्या धुळीवरून कळलं. फोटो आहेत सगळ्याचे. पण वारी म्हटलं की डोळ्यांपुढे येते ती बरड ते नातेपुते वाटेवरची एक दुपार.

आई 81 वर्षांची. स्मृतिभ्रंशाचं निदान होऊन चार वर्षं झाली. रोज संध्याकाळी पाच वाजले की ती पिशवीत एक साडी कोंबते आणि दाराशी येते. "घरी जायचंय." ज्या घरात 46 वर्षं राहिली, त्याच घरात उभी राहून. मार्चमध्ये दिवसाची बाई काम सोडून गेली. गावाबाहेर वृद्धांना सांभाळणाऱ्या एका संस्थेत जागा रिकामी होती आणि धरून ठेवतो म्हणाले होते. दादा बंगळुरूहून म्हणायचा, "तू ठरव, आम्ही आहोतच." हे "आहोतच" ऐकलं की माझं डोकं सणकतं. शेवटी मी म्हटलं, मी वारीला जाते, तू येऊन राहा. आला बिचारा, लॅपटॉप घेऊन. दिंडीची भिशी, म्हणजे वर्गणी, भरली आणि निघाले. विठ्ठलाला विचारू, असं काहीतरी मनात होतं.

फलटणच्या मुक्कामी आमच्या महाराजांनी कीर्तनात पुंडलिक लावला. लावणारच. आईबापांचे पाय चेपण्यासाठी देवाला विटेवर ताटकळत ठेवणारा पुत्र कुठे, आणि आजकालचे शिकलेले लेक कुठे, आईबापांना आश्रमात टाकून परदेशी फिरतात. टाळ्या पडल्या. शेजारच्या काकूंनी तर माझ्याकडे बघून मान हलवली, जणू त्यांना माहीत होतं. मी उठून टँकरपाशी जाऊन उभी राहिले. कीर्तनातून मधेच उठलेली आयुष्यात पहिल्यांदा. मला एवढंच विचारायचं होतं, की पुंडलिकाच्या बायकोचं पुढे काय झालं? पेज कोण करत होतं, अंथरूण कोण धूत होतं? पुंडलिकाची आई संध्याकाळी पाचला पिशवी भरत नव्हती, हे तर नक्की.

बरड सोडलं तेव्हा उजव्या टाचेला आणि चवड्याला फोड आले होते. नवा काँक्रीटचा रस्ता. मोठा झाला हे खरं, पण कडेची झाडं गेली आणि खालून वाफ यायला लागली. दिंडी पुढे गेली. विणेकऱ्यांना ओलांडायचं नसतं, मागे पडायला मात्र कोणाचीच ना नसते. साधुबुवांच्या ओढ्याच्या अलीकडे एका ट्रकच्या सावलीत मी बसले आणि चक्क रडायला लागले, पायासाठी.

"पाय इकडं करा, माउली."

साठीच्या असाव्यात. परभणीकडच्या, नऊवारी, डोक्यावरची तुळस शेजारी ठेवलेली. माझं उत्तर यायच्या आत त्यांनी माझी टाच मांडीवर घेतली होती. कमरेच्या पिशवीतून सुई-दोरा काढला, दोरा खोबरेल तेलात बुडवला, सुईचं टोक काडीवर धरलं. "लई दाबायचं न्हाई. फोड फोडायचा न्हाई. दोरा आत ठिवायचा, पाणी त्याच्यानं येतंय." सुई एका बाजूनं आत, दुसऱ्या बाजूनं बाहेर. दुखलं नाही म्हणजे नाहीच. दोन्हीकडे बोटभर दोरा ठेवून दातानं तोडला. मग चवड्याचा फोड. माझ्या पायाची घाण त्यांच्या लुगड्याला लागत होती, त्याची मलाच लाज.

घरी कोण कोण, हे आपसूक निघालं. मी आईचं सांगितलं. जागेचंही सांगितलं, दबक्या आवाजात. आता पुंडलिक येणार म्हणून मी वाट बघत होते.

त्या म्हणाल्या, "माझी सासू बी तशीच झाली. सात वर्सं झाली." थोडं थांबून, सुई पदराला पुसत, "शेतात जाताना बाजंला बांधून जाते तिला. मऊ लुगड्यानं. न्हाई तर हिरीकडं जाती. काय करावं?"

ट्रकवाल्यानं रेडिओ लावला होता. मी बराच वेळ गप्प.

मग मी सांगितलं. दादाला नाही, मैत्रिणीला नाही, कोणाला न सांगितलेलं. बाई गेल्यापासून मी बँकेत जाताना बाहेरून कडी लावते, वर कुलूप. साडेनऊ ते सहा. दुपारी जेवणाच्या सुट्टीत धावत येऊन बघून जाते. म्हणजे पाचला आई दाराशी येते तेव्हा दार बंदच असतं. शेजारच्यांनी सांगितलं, ती तासभर कडी वाजवते.

त्या "अरेरे" म्हणाल्या नाहीत. टाच खाली ठेवली आणि विचारलं, "तुमी म्हंता त्या जागंत दार कोण लावतंय? अन् हाक मारली तर येतंय का कुणी?"

मला माहीत नव्हतं. मी तिथे दर विचारला होता, अनामत विचारली होती, खोलीत एकटी की दोघी हे विचारलं होतं.

"मंग हे इचारा," म्हणाल्या, तुळस डोक्यावर घेतली आणि चालू लागल्या. नावही विचारायचं राहिलं. पुढे रिंगणांत प्रत्येक तुळशीखाली तो चेहरा शोधला.

त्या रात्री नातेपुत्यात समाजआरतीला, म्हणजे सगळ्या दिंड्यांच्या आरतीला, चोपदारांनी दंड उंचावला, सगळीकडे शांत झालं, आणि एका दिंडीचा टाळ वाजतच राहिला. गाऱ्हाणं होतं, पाण्याच्या टँकरचं. ते ऐकून घेईपर्यंत टाळ थांबला नाही. मला कडी आठवली. आरतीत मी तोंडच उघडलं नाही.

पंढरपुरात रांग बघूनच हात जोडले, कळसाचं दर्शन घेतलं. चंद्रभागेच्या वाळवंटात पुंडलिकापाशीही गेले. त्याच्यावरचा राग गेला होता असं नाही.

पुण्याला आल्यावर संस्थेत फोन केला. बाई म्हणाल्या, सकाळी अकराला या, सगळं दाखवते. मी म्हटलं, संध्याकाळी पाचला येते.

पावणेपाचलाच जाऊन बसले. फिनेलचा वास, टीव्ही उगाच मोठा. पाच वाजून गेल्यावर एक आजी पर्स काखेत मारून फाटकाशी आल्या. तिथली विशीतली मुलगी हातातलं काम टाकून उठली, चपला घातल्या, म्हणाली, "चला, सोडते." दोघी फाटकाबाहेर पडल्या. वळणावरच्या औदुंबरापर्यंत गेल्या, थोडा वेळ उभ्या राहिल्या, परत आल्या. आजींनी आत येऊन चहा मागितला.

मी बाहेर येऊन दादाला फोन लावला. तुझं काय मत असं न विचारता म्हटलं, "अर्धी अनामत तू भर. आणि शनिवारी तू पण ये, तिला सोडायला मी एकटी जाणार नाही."