कॉम्प्युटर उत्तर देतो, पण उत्तर असतं का?

हवामानाच्या मॉडेलबद्दल बोलताना कधीतरी मी विचारतो, की ही इक्वेशन्स सुटतात हे कुणी सिद्ध केलंय का, आणि हमखास उत्तर येतं, अरे रोज सोडवतायत की! दर काही तासांनी नवीन अंदाज येतो, मग न सुटायला काय झालं. गोची इथेच आहे, कारण कॉम्प्युटरला काहीही विचारा तो आकडा देतोच, खरं उत्तर अस्तित्वात असो वा नसो, त्याला काही फरक पडत नाही.

पटत नसेल तर कागद-पेन घ्या. एक संख्या आहे, सुरुवातीला १, आणि तिचा वाढण्याचा दर दर क्षणी तिच्याच वर्गाइतका. कॉम्प्युटर करतो तसं ०.१ च्या टप्प्यांनी पुढे जा, म्हणजे आत्ताच्या आकड्यात त्याच्या वर्गाचा दहावा भाग मिळवायचा, की झाला पुढचा आकडा. १ चे होतात १.१, मग १.२२१, मग १.३७, असं करत दहाव्या टप्प्याला, म्हणजे वेळ १ ला, उत्तर येतं साधारण ६.१३. छान सभ्य आकडा. आणि खरं उत्तर? १ भागिले (१ वजा वेळ). वेळ १ ला ते अनंताला जाऊन भिडलंय, त्यापुढे सोल्यूशनच नाही. पण आपलं गणित ६.१३ वरून खुशाल अकराव्या टप्प्याला निघालं, कुठे लाल दिवा नाही की काही नाही.

आद्यमार नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच म्हणून ठेवलंय की प्रश्न नीट मांडलेला कधी म्हणायचा, तर उत्तर असायला हवं, एकच असायला हवं आणि सुरुवातीची माहिती थोडी हलली तर उत्तरही थोडंच हलायला हवं. (इथे लगेच कुणीतरी लोरेन्झ या हवामानशास्त्रज्ञाचं फुलपाखरू आणतं, म्हणजे सुरुवातीच्या इवल्याशा फरकाने पुढे सगळंच बदलतं ती केऑसची गोष्ट. त्याचा इथे संबंध नाही, म्हणजे तिन्ही अटी पाळणारं इक्वेशनसुद्धा मस्त केऑटिक असू शकतं. लोरेन्झची १९६३ ची तीन इक्वेशन्स अगदी तशीच आहेत, उत्तर आहे, एकच आहे, जवळच्या काळात थोडंच हलतं, पण लांबवरचा अंदाज बांधताना फेफे उडते.)

आता वाहणाऱ्या पदार्थांचं मूळ इक्वेशन, नाव्हिए-स्टोक्स. नाव्हिएने १८२२ मध्ये मांडलं, स्टोक्सने १८४५ मध्ये नीट पायावर उभं केलं. आहे न्यूटनचाच दुसरा नियम, फक्त द्रवाच्या प्रत्येक कणाला लावलेला. वेग बदलतो तो प्रेशरमुळे, घर्षणामुळे म्हणजे व्हिस्कॉसिटीमुळे, आणि भानगड अशी की वेग स्वतःच स्वतःला वाहून नेतो, म्हणजे वेगाचा वेगाशी गुणाकार होतो, वरच्या खेळातल्या वर्गासारखा. मग हे पण असंच अनंताला जाईल का? तीन मितींमध्ये, सुरुवात अगदी गुळगुळीत, म्हणजे वेगात कुठे तुटकपणा किंवा टोक नसताना, हे आजही कुणाला माहीत नाही. क्ले या गणिताच्या संस्थेने २००० साली यावर दहा लाख डॉलर लावलेत, आणि सोल्यूशन कायम गुळगुळीत राहतं हे दाखवा किंवा बिघडतं हे दाखवा, दोन्हीला बक्षीस आहे.

अडतं कुठे ते एका छोट्या हिशोबात दिसतं, आणि मला हा हिशोब फार आवडतो. या इक्वेशनचं एखादं सोल्यूशन घ्या, सगळी लांबी १० पट आकसवा, वेग १० पट वाढवा, वेळ १०० पट जलद पळवा, तर जे मिळतं तेही सोल्यूशनच असतं. आता एनर्जी मोजा. एनर्जी वेगाच्या वर्गावर असते म्हणजे १०० पट, पण जागा तिन्ही दिशांनी आकसली म्हणजे १००० पट कमी, एकूण एनर्जी राहिली दहावा हिस्सा. म्हणजे भोवरा जितका बारीक आणि भयंकर, तितकी त्याला एनर्जी कमी लागते! आणि आपल्या हातात भरवशाचं बंधन काय, तर एनर्जी वाढत नाही एवढंच. ज्या चोराला पकडायचंय त्याला दाराच्या फटीतून आरामात जाता येतं. दोन मितींमध्ये हाच हिशोब केला तर १०० भागिले १००, एनर्जी तेवढीच राहते, फट बुजते, आणि खरंच तिथे प्रश्न सुटलेला आहे, ओल्गा लाडिझेन्स्काया वगैरे मंडळींनी केव्हाच.

तीन मितींमध्ये जे काही हाती आहे त्याची सुरुवात लरे या फ्रेंच गणितज्ञाने १९३४ मध्ये केली. त्याने म्हटलं, सोल्यूशनने इक्वेशन प्रत्येक बिंदूला पाळलं नाही तरी हरकत नाही, सरासरीने पाळलं तरी चालेल, आणि अशी ढिली म्हणजे वीक सोल्यूशन्स कायमची असतात हे त्याने सिद्ध केलं. (हाच लरे दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या कैदेत पडला तेव्हा आपल्याला फ्लुइड्समधलं कळतं हे त्याने लपवलं, युद्धाच्या कामाला जुंपतील म्हणून, आणि कैदेत बसून टोपॉलॉजी, म्हणजे आकारांचं गणित, केली.) पण ढिलं सोडलं की ते एकच असेल याची खात्री जाते. बकमास्टर आणि व्हिकोल यांनी २०१९ मध्ये दाखवलं की लरेपेक्षाही थोड्या ढिल्या व्याख्येत एकाच सुरुवातीतून वेगवेगळी सोल्यूशन्स निघतात. आद्यमारची दुसरी अट साफ मोडली.

आता वातावरणाकडे या, कारण खरी गंमत इथे आहे. हवामान घडतं तो थर साधारण दहा-पंधरा किलोमीटर जाड आणि आडवा पसारा हजारो किलोमीटरचा. एवढ्या पातळ थरात हवा वरखाली जे काही हलते त्याचं त्वरण गुरुत्वापुढे किरकोळ, म्हणून ते सोडून द्यायचं आणि म्हणायचं की एखाद्या ठिकाणचं प्रेशर म्हणजे त्याच्या डोक्यावरच्या हवेचं वजन, बस. यातून जी येतात ती प्रिमिटिव्ह इक्वेशन्स. पहिल्या नजरेत हे दुखणं वाढवणारं वाटतं, कारण आता उभ्या वेगाला स्वतःचं इक्वेशनच उरलं नाही, तो आडव्या वेगाच्या फरकांवरून काढायला लागतो आणि त्यात गुळगुळीतपणा एक पायरी खाली घसरतो. लिओन्स, तेमाम आणि वांग यांनी १९९२ मध्ये यांची वीक सोल्यूशन्स असतात हे दाखवलं तेव्हा पुढचं काम नाव्हिए-स्टोक्सइतकंच अवघड असणार असा समज होता.

तो २००७ मध्ये त्साओ आणि तिती यांनी खोटा पाडला. पूर्ण तीन मिती, कितीही मोठी सुरुवात, कितीही काळ, सोल्यूशन आहे आणि एकच आहे. युक्ती अशी की डोक्यावरच्या वजनाचा भाग एकदा वेगळा काढला की अज्ञात प्रेशर उरतं ते फक्त तळाचं, म्हणजे दोनच मितींचं, उंचीप्रमाणे बदलत नाही. मग वेगाचे दोन भाग करायचे, उंचीवरची सरासरी आणि सरासरीपासूनचा फरक. फरकाच्या इक्वेशनमध्ये ते प्रेशर येतच नाही! आणि सरासरीच्या इक्वेशनमध्ये येतं, पण ते बिचारं दोन मितींचं, तिथली हत्यारं आधीच तयार. नाव्हिए-स्टोक्समध्ये प्रेशर सगळीकडे नाक खुपसतं म्हणून हे जमत नाही. थर पातळ आहे म्हणून सूट घेताना आपण थोडं खोटं बोललो आणि बदल्यात थिअरम मिळालं, आणि ते खोटंही नाही म्हणा, कारण थराची जाडी शून्याकडे नेली की नाव्हिए-स्टोक्सची सोल्यूशन्स याच्याकडे येतात हे ली आणि तिती यांनी २०१९ मध्ये दाखवलंय.

पण हुरळून जाऊ नका. हे सगळं व्हिस्कॉसिटीच्या जिवावर चाललंय. ती पूर्ण काढून टाका, आणि हीच इक्वेशन्स मर्यादित वेळात फुटू शकतात, म्हणजे अनंताला जाऊ शकतात, गुळगुळीत सुरुवात असली तरी, हे २०१५ मध्ये सिद्ध झालं. नुसती आडवी व्हिस्कॉसिटी ठेवली तर मात्र चालतं, म्हणजे उभी शून्य केली तरी सोल्यूशन टिकतं. आणि मॉडेलमध्ये घालतात ती व्हिस्कॉसिटी हवेच्या रेणूंची नसतेच, ग्रिडमध्ये, म्हणजे मॉडेल हवेवर जी चौकटींची जाळी टाकतं तिच्यात, न मावणाऱ्या बारीक भोवऱ्यांची भरपाई म्हणून घातलेली, कितीतरी पट मोठी असते. म्हणजे थिअरम ज्या खुंटीला टांगलंय ती खुंटी आपणच ठोकलेली आहे, मला तरी हे थोडं अस्वस्थ करतं.

आणि अजून पाणी आलंच नाही. वर सगळी कोरडी हवा होती. वाफ संपृक्त झाली की ढग बनायला लागतो, नाही झाली तर नाही, म्हणजे इक्वेशनमध्ये एक बटण आलं, चालू किंवा बंद, आणि गुळगुळीतपणावर उभ्या असलेल्या सिद्धतांना बटणं अजिबात झेपत नाहीत. तरी २०२० मध्ये हिटमायर, क्लाइन, ली आणि तिती यांनी वाफ, ढगातलं पाणी आणि पाऊस हे तीन प्रिमिटिव्ह इक्वेशन्सना जोडून सोल्यूशन आहे आणि एकच आहे हे दाखवलं. बर्फ त्यात नव्हता.