मामा-भाच्यांनो, गाडीत ‘जाऊ दे’ म्हणू नका

2004 साली मंगोल रॅली पहिल्यांदा निघाली तेव्हा सहा गाड्या सुटल्या आणि चार पोचल्या. पुढे संघ वाढले, पण ढाचा तोच राहिला: हजार सीसीच्या आसपासची छोटी गाडी, मागे मदतीची जीप नाही, ठरवून दिलेला रस्ता नाही आणि प्रत्येक संघाने धर्मादाय कामासाठी किमान 1000 पौंड जमवायचे. युरोपातून मंगोलियाच्या दिशेने साधारण 16 हजार किलोमीटर. जळगाव-धुळ्याकडचे मामा-भाचे अशा रॅलीला निघणार असतील, तर इंजिनाच्याही आधी एक गोष्ट ठरवावी: गाडी कोणाच्या नावावर?

मध्य आशियात कस्टमवाले गाडीच्या तात्पुरत्या आयातीची नोंद एका माणसाच्या पासपोर्टला जोडतात. ज्याच्या नावावर गाडी आत आली, त्यानेच ती बाहेर काढायची. मामा आजारी पडून विमानाने परतले, की भाचा गाडीसकट तिथेच. त्यामुळे मान म्हणून मोठ्याच्या नावावर गाडी घेऊ नका. ज्याची तब्येत आणि रजा शेवटपर्यंत टिकेल त्याच्या नावावर घ्या. दुसऱ्याच्या नावे नोटरी केलेलं मुखत्यारपत्र आणि त्याचं रशियन भाषांतर सोबत ठेवा. प्रत्येक नाक्यावर ते चालेलच असं नाही, पण नसेल तर बोलणंच खुंटतं.

लायसन्सचंही तसंच. आरटीओत फॉर्म 4-अ भरून मिळणारं आंतरराष्ट्रीय परमिट एक वर्ष चालतं, पण ते रस्ते वाहतुकीच्या 1949 च्या जिनिव्हा करारानुसार असतं. कझाकस्तान, उझबेकिस्तान, ताजिकिस्तान आणि मंगोलिया 1968 च्या व्हिएन्ना करारात आहेत, म्हणजे आपलं परमिट तिथे कागदोपत्री चालेलच असं नाही. पोलीस बहुतेक वेळा हे बघत नाहीत. विमा कंपनी बघते, आणि तेही अपघातानंतर. त्यामुळे तिच्याकडून आधीच लेखी उत्तर घ्या. भारतीय पासपोर्टवर कझाकस्तानात एका वेळी 14 दिवस व्हिसाशिवाय राहता येतं. ऐकायला भरपूर वाटतं, पण कॅस्पियनच्या काठावरच्या अक्ताऊपासून पूर्वेच्या टोकापर्यंत अंतरच तीन हजार किलोमीटरच्या आसपास. अझरबैजानातल्या बाकूकडून येणाऱ्या बोटीला वेळापत्रक नाही, माल भरला की सुटते. म्हणून तारखेला बांधलेला व्हिसा असेल तर बोटीसाठी चार-पाच दिवस मोकळे सोडा.

आता गाडी. तिची परीक्षा घ्यायला खान्देशासारखी जागा नाही. मे महिन्यात, पारा 44-45 वर असताना, पूर्ण सामान भरून, दोघं बसून चाळीसगावहून कन्नड घाट चढा आणि दुसऱ्या दिवशी शहाद्याहून तोरणमाळ. रॅलीची गाडी बाहेरच घेणार असाल तर त्याच इंजिनाची इथली एखादी गाडी घेऊन जा. सामान किती भरायचं आणि कोणाला गाडी लागते, एवढं तरी कळतं. तापमानाचा काटा अर्ध्याच्या वर सरकला की बहुतेक जण रेडिएटरला दोष देतात, पण आधी झाकण बघा. रेडिएटरचं झाकण साधारण एक बार दाब धरून ठेवतं, त्यामुळे पाणी शंभरच्या बऱ्याच वर जाऊन उकळतं. झाकणाचं रबर चिरलेलं किंवा स्प्रिंग ढिली असेल तर तो दाब राहत नाही. ताजिकिस्तानातल्या पामीर मार्गावरची आक-बैताल खिंड 4,655 मीटरवर आहे आणि तिथे उघड्या भांड्यातलं पाणी 85 अंशांच्या आसपासच उकळतं. दीड-दोनशे रुपयांच्या वस्तूसाठी तिथे इंजिनाचं हेड वाकवून घेऊ नका. दोन नवी झाकणं ठेवा. कूलंट पाण्यात निम्मं-निम्मं. त्याच उंचीवर हवा विरळ असल्याने इंजिनाची ताकद चाळीस टक्क्यांच्या आसपास घटते, मग चढावर पहिल्या गिअरला लाज नाही. हा भाग गोर्नो-बदख्शान प्रांतात येतो आणि त्याचा वेगळा परवाना लागतो, तो ताजिकिस्तानच्या ई-व्हिसाबरोबरच मागून घ्या.

सुटे भाग फार नकोत. फॅन बेल्ट, क्लच केबल, पेट्रोलचे दोन फिल्टर, प्लगचा संच, सायलेन्सरची रबरं आणि दोन मीटर जाड तार. स्टेपनी मात्र एक नाही, दोन, रिमसकट. शिवाय एक ट्यूब, कारण खड्ड्यात रिम वाकली की ट्यूबलेस टायर हवा धरत नाही. पन्हाळी पत्र्यासारख्या खडीच्या रस्त्यावर हवा 32 वरून 25 पर्यंत उतरवा आणि डांबर लागलं की पुन्हा भरा. तसंच पळवलं तर टायर तापून फाटतो. टपावर जड काही ठेवू नका. तिथे अंथरुणं. पेट्रोलचा कॅन तर कधीच नाही.

गाडी ब्रिटनमध्ये घेतलेली असेल तर स्टिअरिंग उजवीकडे आणि रस्ताही उजव्या बाजूचा. म्हणजे ट्रकच्या पलीकडचं चालवणाऱ्याला दिसत नाही, डावीकडे बसलेल्याला दिसतं. ओव्हरटेक त्याच्या शब्दावर होतो. आपल्याकडे ‘जाऊ दे’चे दोन अर्थ: सोड तो नाद, किंवा घाल पुढे. ट्रकच्या मागे ताशी 80 ने असताना हा घोळ परवडत नाही. शब्द दोनच ठेवा, ‘जा’ आणि ‘मागे’. ‘जा’ला अहो-जाहोही लागत नाही, त्यामुळे भाच्याला मामांना म्हणायला अडचण नाही.

खाण्याचं थोडक्यात. युरोपीय संघात बाहेरून दूध-मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे तूप आणि पेढे घरीच. गंमत म्हणजे ताज्या फळांना लागणाऱ्या वनस्पती-आरोग्य दाखल्यातून तिथे केळ्याला सूट आहे. जळगावकरांनी हे लक्षात ठेवावं.

वर्गणी स्वतःच्या खात्यावर घेऊ नका, थेट संस्थेच्या खात्यात जाऊ द्या आणि पेट्रोलचा खर्च त्यात कधीही मिसळू नका. परदेशी संस्थेला दिलेल्या देणगीवर इथे आयकरातली 80-जीची सवलत नाही. इथल्या संस्थेसाठी जमवत असाल तर 2,000 रुपयांवर रोख नको. अमेरिकेतल्या नातेवाइकांना आधी विचारा, पासपोर्ट कुठला? भारतीय असेल तर प्रश्न नाही. अमेरिकी असेल तर ती विदेशी देणगी ठरते आणि संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे विदेशी देणगी कायद्याखालची, नोंदणी लागते.

शेवटची रेषा आधी उलानबातरला होती, नंतर काही वर्षं रशियातल्या उलान-उदेला होती. रेषा ओलांडली तरी गाडीचं काम उरतंच. ती रेल्वेने परत पाठवा, नाहीतर शुल्क भरून रीतसर सोडा, पण रस्त्यावर टाकून येऊ नका. ज्याच्या पासपोर्टवर नोंद आहे त्याला विमानतळावरच थांबवू शकतात. गाडी बाहेर गेल्याचा शिक्क्याचा कागद डिकीत नाही, पासपोर्टच्या पाकिटात ठेवा आणि त्याचा फोटो घरच्यांच्या ग्रुपवर टाका.