उरलेली टर्की: मानेचा पांढरा, सांगाड्याचा तांबडा

मागच्या नोंदीत थँक्सगिव्हिंगच्या (अमेरिकेतल्या सणाच्या) जेवणातून उरलेल्या टर्कीचा पांढरा रस्सा अडला होता, तिथूनच पुढे सुरू करतो. भाजलेल्या टर्कीच्या सांगाड्याचं पाणी कितीही गाळा, नारळाचं दूध पडलं की रंग येतो तो दुधाळ चहाचा. चव उत्तम असते. पण ती वाटी कोल्हापूरच्या पाहुण्यापुढे ‘पांढरा’ म्हणून ठेवायची माझी तरी छाती नाही.

यंदा तोडगा सापडला, आणि तो टर्की ओव्हनमध्ये जायच्या आधीचा आहे. इथल्या दुकानी टर्कीच्या पोटात मान आणि कलेजी-पेटा वेगळे घालून दिलेले असतात. ती मान आणि पंखांची टोकं कच्चीच बाजूला काढायची. टोकं ओव्हनमध्ये नाहीतरी करपूनच जातात. आलं, लसूण, अर्धा कांदा आणि चार मिरी घालून कुकरला लावलं की मस्त स्वच्छ अळणी पाणी मिळतं. त्यात भिजवलेली खसखस, तीळ आणि काजू यांचं गुळगुळीत वाटण, तुपात लवंग-वेलची-दालचिनीची फोडणी, हिरवी मिरची, आणि नारळाचं दूध सगळ्यात शेवटी. दूध पडल्यावर रस्सा नुसता गरम करायचा. उकळी आली की फाटलाच. हळदीचा चमचा तर त्या भांड्याजवळही फिरकू द्यायचा नाही. कलेजी-पेटा कांद्यावर परतून त्याच दिवशी संपवला, तो उरण्याच्या हिशोबात धरू नका.

भाजका सांगाडा मग मोकळा झाला तांबड्यासाठी, आणि खरं तर त्याची जागा तीच आहे. हाडांना आलेला तो खरपूस रंग पांढऱ्यात नडतो आणि तांबड्यात कामाला येतो. भाजलेल्या कांदा-खोबऱ्याच्या वाटणाशी आणि कांदा-लसूण मसाल्याशी त्याचं छान जमतं.

नवीन आलेल्यांसाठी थोडी पार्श्वभूमी. आम्ही न्यू जर्सीत, एडिसनच्या आसपास. थँक्सगिव्हिंग म्हणजे नोव्हेंबरातला चौथा गुरुवार. इथला हिशोब माणशी १ ते दीड पौंड टर्कीचा. आमच्याकडे निम्मी मंडळी शाकाहारी, आणि उरलेल्यांतल्या काहींना ते मांस ‘फिक्कं’ लागतं. त्यामुळे १४ पौंडांच्या पक्ष्यातला बराचसा उरतोच. डबे भरून द्यायला गेलं तर छातीचं मांस लोक आनंदाने नेतात, सांगाडा कोणी नेत नाही. माझ्या मते मालमत्ता तिथेच असते, त्यामुळे माझी तक्रार नाही.

गुरुवारी रात्री एकच काम, पण ते टाळायचं नाही: पक्ष्याचं मांस हाडांपासून सोडवणं. शिजलेलं मांस बाहेर २ तासांपेक्षा जास्त ठेवू नये असं अमेरिकेचं शेती खातं सांगतं. आपल्या गप्पा तेवढ्यात आवरतात थोड्याच! म्हणून पानं उठली की मी सुरी घेऊन बसतो, गप्पा चालू राहू देतो. मांस कोमट असताना हाडापासून सहज सुटतं, गार झालं की चिवटपणा करतं. चार ढीग: पांढरं (छातीचं) मांस, काळं (तंगडीचं) मांस, कातडी, हाडं. तंगडीत पोटरीच्या भागात टणक काड्या असतात, अगदी हाडासारख्या. त्या स्नायूंच्या शिराच असतात, टर्कीत त्या कडक होतात. टोक पकडून सरळ ओढायच्या. कोमट असताना एकेक काडी अख्खी निघते. दुसऱ्या दिवशी हेच काम केलंत तर मांसाचा भुगा होईल आणि काड्या ताटात येतील.

आता वासाचं. फ्रिजमधली टर्की दुसऱ्या दिवशी गरम केली की पुठ्ठ्यासारखा जुनाट वास येतो, तो अनेकांना माहीत असेल. मांस खराब झालेलं नसतं. शिजताना स्नायूंतलं लोह मोकळं होतं आणि हवेच्या संगतीने चरबीचं ऑक्सिडीकरण सुरू करतं. टर्कीची चरबी या बाबतीत कोंबडीपेक्षाही नाजूक. उपाय दोन आहेत: हवा लागू न देणं आणि मसाला आधीच लावणं. लवंगेतलं युजेनॉल हे ऑक्सिडीकरण रोखतं, आणि आपला मालवणी किंवा गोडा मसाला लवंगेशिवाय होत नाही. म्हणून काळं मांस मी गुरुवारी रात्रीच मालवणी मसाला, आलं-लसूण आणि थोडं तेल चोळून डब्यात दाबून भरतो. पांढरं मांस जाड तुकड्यांतच ठेवतो, वर थोडं पाणी किंवा ग्रेव्ही (टर्कीच्या रसाला मैदा लावून केलेला इथला सॉस). आधीच चिरून ठेवलं की हवेला तेवढी जागा जास्त.

हाडं शुक्रवारी सकाळी. आत अडकलेलं स्टफिंग (पोटात भरलेलं सारण) आणि सेज या सुगंधी झाडाची पानं आधी खरवडून काढा. सेज तासन्‌तास उकळलं की कडवट होतं. मंद आचेवर ३-४ तास, किंवा कुकरमध्ये तासभर. मीठ अजिबात नको. इथल्या बहुतेक टर्कीत मिठाचं पाणी आधीच टोचलेलं असतं, लेबल वाचा. पाणी उथळ भांड्यांत ओतून लवकर निववायचं. दुसऱ्या दिवशी फ्रिजमधून काढल्यावर ते थलथलीत जेली झालेलं असलं की समजायचं, हाडांतलं कोलॅजन पुरतं उतरलं. वरचा चरबीचा थर काढून बाटलीत भरा, फोडणीला तेलाऐवजी चालतो.

पांढऱ्या मांसाबद्दल माझं मत आता पक्कं झालंय: ते पुन्हा शिजवायचं नाही. आडवे काप करून कढत रस्सा वरून ओतायचा, बस. नाहीतर गारच खायचं. दह्यात फेसलेली मोहरी, बारीक कांदा, हिरवी मिरची, त्यात बारीक तोडलेलं मांस. शुक्रवारी दुपारी हेच खाल्लं, ज्वारीच्या भाकरीबरोबर. केंटकी राज्यातल्या लुईव्हिलच्या ब्राउन हॉटेलात १९२६ पासून ‘हॉट ब्राउन’ करतात. ब्रेडवर टर्कीचे काप, वर चीजचा सॉस, आणि वरून नुसती आच. तिथेही सॉसच मांसाला वाचवतो. गार टर्की खाणाऱ्यांनी लक्षात ठेवायचं ते एवढंच की ३-४ दिवसांची मुदत तिलाही आहे. गरम करणार असाल तर आतपर्यंत १६५ फॅरनहाइट.

काळ्या मांसाचं भुजिंग हा या वर्षीचा सगळ्यात आवडलेला प्रकार. विरारजवळच्या आगाशीचं भुजिंग ज्यांनी खाल्लंय त्यांना कळेल की भाजलेलं मांस आणि पोहे हे लग्न आधीच जमलेलं आहे. तिकडे निखाऱ्यावर भाजतात. इथे मसाला लावून ठेवलेलं मांस तापलेल्या बिडाच्या तव्यावर कडा काळ्या होईपर्यंत परतलं. मग कांदा, उकडलेला बटाटा आणि भिजवलेले पोहे. पोहे पाण्याऐवजी त्याच जेलीच्या पाण्याने शिंपून वाफवले. फरक पहिल्या घासाला कळतो. वरून कातडीचा चुरा: दोन ट्रेंच्या मध्ये दाबून ४०० फॅरनहाइटला कुरकुरीत केली होती. मुलांनी आधी तोच वेचून खाल्ला.

बाकी थोडक्यात. मॅश्ड बटाट्यात लोणी-दूध भरपूर असतं, त्याचे वडे तळणीत फुटतात. त्यापेक्षा काळ्या मांसाचा खिमा आणि चमचाभर ग्रेव्ही मिसळून रव्यात घोळवलेले पॅटिस करा, तव्यावर. ग्रेव्ही तांबड्यात घालू नका, मैद्याने रस्सा चिकट होतो आणि रस्सा पातळच हवा. क्रॅनबेरी सॉसला मोहरी, मेथी, हिंग, लाल तिखट यांची फोडणी दिली की मेथांब्याचा चुलतभाऊ तयार. ग्रीन बीन कॅसरोलचं (ओव्हनमध्ये केलेल्या फरसबीच्या पदार्थाचं) काय करायचं हे विचारू नका. ज्याने आणलं त्याच्या डब्यात परत जातं.

फ्रीझरमध्ये जे जाणार ते शुक्रवारीच जावं, रविवारी कंटाळा आल्यावर नव्हे. मांस रश्श्याच्या पाण्यात पूर्ण बुडवून, पिशव्या आडव्या, तारीख लिहून. ३-४ महिने चव चांगली टिकते, म्हणजे संक्रांतीनंतरच्या थंडीतही तांबडा निघतो.

पुढच्या वेळेसाठी एक गोष्ट राहिली आहे. एका मानेचं पाणी चार वाट्या रश्श्याला पुरतं, आठ माणसांना नाही. इथल्या दुकानांत टर्कीच्या माना वेगळ्या मिळतात असं दिसलंय. ख्रिसमसला त्या आणून जास्तीचं पाणी काढून बघतो. कोणी आधीच केलं असेल तर खसखस-काजूचं प्रमाण कळवा, चौपट पाण्याला चौपट वाटण जड होईल असं वाटतंय.